दुसऱ्याच्या अंगातली कुस्ती

लोहा-कंधार भागात कुस्ती हा नुसता शौक कधीच नव्हता. दिवाळी उरकली की यात्रा-जत्रांना तोंड लागतं आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत पैलवानाची सुगी चालते. मी या सुगीवर जगलेला माणूस. पुण्याच्या तालमीत राहिलो, नांदेड-लातूरपासून बीदर-निजामाबादपर्यंतच्या फडांत इनामावर लढलो, गुडघ्यांनी राम म्हटल्यावर गावाकडं परतलो आणि लोह्यात पोरं घडवायला बसलो. लढणं वेगळं, लढवणं वेगळं. लढताना सगळी कुस्ती आपल्या अंगात असते. वस्ताद झालं की ती दुसऱ्याच्या अंगात असते आणि आपल्याकडं उरतात ते फक्त निर्णय: कुणाशी, कधी, किती वजनात, आणि कुठं थांबायचं. त्या निर्णयांबद्दलचे हे अनुभवाचे बोल.

१. गाजलेला पैलवान आपोआप वस्ताद होत नाही

पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांच्या सहा आठवड्यांच्या वर्गाला गेलो होतो, तेव्हा लडाखचा एक जण ओळखीचा झाला. त्याचा खेळ आइस हॉकी. बर्फ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं रसवंतीतली लादी येते. पण त्यानं सांगितलेली गोष्ट मला थेट लागू पडली. कॅनडाचा वेन ग्रेट्झ्की हा त्या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू मानला जातो. २००५ ते २००९ तो फिनिक्सच्या संघाचा प्रशिक्षक होता. त्या चार हंगामांत संघ एकदाही बाद फेरीत पोचला नाही. उलट स्कॉटी बोमन नावाच्या माणसाचं खेळणं डोक्याला मार बसल्यानं उमेदीतच सुटलं, आणि त्यानं प्रशिक्षक म्हणून नऊ वेळा स्टॅनली कप, म्हणजे त्या खेळातला मोठा किताब, जिंकला.

यात नवल नाही. उपजत पैलवानाला विचारा, ‘ढाक कशी मारतोस?’ तो मारून दाखवील. सांगता येणार नाही, कारण त्याला स्वतःला ते कधी विचारावं लागलंच नाही. ज्याला एकेक डाव घासून शिकावा लागला, त्याला डावाचे सांधे माहीत असतात.

दोन्ही साधलेली माणसंही आहेत, आणि त्यांतला मोठा माणूस आमच्या शेजारचाच. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ला लातूरच्याच मैदानात महाराष्ट्र केसरी, १९७०ला एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, पुढं रुस्तम-ए-हिंद. १९७७ला बेळगावात त्यांनी सतपालसारख्या मल्लाला हरवलं. नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी दुसऱ्यांची पोरं घडवली. २००६ला त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या पैलवानांच्या घरी त्यांचा फोटो दिसतो, तो केवळ गदेमुळं नाही.

२. डाव थोडे, पण मुरलेले

नव्या पोराला मोबाइलवर पाहिलेला प्रत्येक डाव हवा असतो. मी पहिला हंगामभर एकेरी पट, त्याचा बचाव आणि खालून उठणं, एवढंच घेतो. पट म्हणजे पाय धरून ओढणं, असा पोरांचा समज. ओढायला गेलं की मान खाली जाते, आणि मान खाली गेली की समोरचा मुंडकं बगलेत दाबून वर बसतो. म्हणून मी स्वतः गुडघे टेकून दाखवतो: पुढचा गुडघा त्याच्या दोन पायांच्या मधे, पाठ ताठ, नजर वर, डोकं त्याच्या बरगडीला आतून टेकलेलं, हात गुडघ्यामागच्या लवणीत. मग ओढायचं नाही. डोक्यानं रेटत वळायचं. वळण बरोबर बसलं की वजनानं दुप्पट असलेला गडीही एका पायावर नाचतो.

हे रोज, दोन्ही बाजूंनी. उजव्यानं पट काढणारं पोर डाव्यानं काढायला लागलं, की मगच पुढचा डाव. जोर-बैठका आणि सपाट्यांचा आकडा मी कुणाला फुशारकीनं सांगू देत नाही. आकडा वाढतो तशी बैठक अर्धवट व्हायला लागते.

३. खुराकाचा हिशोब आधी घरच्यांसमोर मांडा

‘वस्ताद, पोरगं तुमच्या पदरात घातलं. काय लागंल ते बोला,’ असं म्हणणारा बाप सोयाबीन नि कापसावर जगणारा असतो. ऑक्टोबरात सोयाबीन विकलं की हातात पैसा, आणि उन्हाळ्यात ठणठणाट. पैलवानाला मात्र खुराक बारा महिने लागतो. म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारतो: दावणीला दुभतं काय आहे? घरात खाणारी तोंडं किती? धाकट्या भावंडांचं दूध तोडून पैलवानाला पाजायचं नाही.

बदाम-खसखशीची थंडाई चांगलीच, पण तिच्यावाचून काही अडत नाही. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, अंडी, ज्वारीची भाकरी, डाळ, दूध आणि अर्धापूरची केळी, एवढ्यात वाढत्या वयाचं पोर नीट तयार होतं. डब्यातली पावडर कुणी आणली तर डबा माझ्याकडं जमा होतो. इंजेक्शनाची भाषा करणाऱ्याला तालमीत थारा नाही: शरीर जातं, आणि चाचणीत सापडला तर बंदी येते ती वेगळीच.

४. जोड लावणं हीच खरी वस्तादी

माझ्या मते वस्तादाचं सगळ्यात अवघड काम हौद्यात नसतं, हौद्याच्या काठावर असतं.

आमच्या तालुक्यात माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, गुरं यांचा बाजार, लावणीचे फड, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर, आणि कुस्त्यांची दंगल. आधी बारकी पोरं किरकोळ बक्षिसावर लढतात. मग रक्कम चढत जाते आणि शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची. हलगी कडाडत असते. पोरं अंगाला माती चोळून, हात वर करून हौद्याभोवती फिरतात: आहे का कुणी जोड? समोरून कुणी शड्डू ठोकला की दोन्ही वस्ताद पुढं होतात. तिथं मिनिटभरात ठरवावं लागतं.

लोक वजन बघतात. मी मान आणि मनगट बघतो. कान बघतो, दोन्ही कान मोडलेला पोरगा वयानं लहान दिसला तरी जुना असतो. पाय कसा टाकतो, कुठला पाय पुढं ठेवतो ते बघतो. त्याचा वस्ताद कोण, तो पोरांना खडाखडी शिकवतो की थेट पटात घालतो, हेही माहीत असावं लागतं. मग माझ्या पोराचा हिशोब: आठवड्यात किती कुस्त्या झाल्या, खांदा दुखतोय का, मागची कुस्ती मारून आलाय की मार खाऊन.

पोराला एका हंगामात तीन तऱ्हेच्या कुस्त्या मिळाल्या पाहिजेत. काही हमखास मारता येतील अशा, कारण जिंकायचीही सवय लागते. बऱ्याचशा तोडीस तोड. आणि थोड्या अशा, ज्यात वरचढ गड्याखाली राहून दम काढावा लागेल. नुसत्या सोप्या कुस्त्या लावणारा वस्ताद पोराला गावात हिरो करतो आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीत उघडं पाडतो.

इनामाची रक्कम ऐकून जोड धरू नये. काठावर फेटा बांधलेली मंडळी आग्रह करतात, ‘होऊन जाऊ द्या की वस्ताद, लोकांला मजा येईल!’ पोराची मान मोडली तर त्यातला एकही जण दवाखान्यात येत नाही. अशा वेळी हात जोडून ‘नाही’ म्हणायचं, आणि पोराला घेऊन काठावरून खाली उतरायचं. लोक ‘भ्याला’ म्हणतात. म्हणू द्या.

नुरा कुस्तीला तर उभंच राहू नये. आधी ठरवून लढायचं आणि इनाम वाटून घ्यायचं, यात दोघांचाही खिसा भरतो. पण एकदा ठरवून पडलेलं अंग पुढच्या खऱ्या कुस्तीतही पडायची वाट शोधतं. शिवाय इथला बघ्या दर्दी आहे. हलगीवाल्यालासुद्धा नुरा कळते.

५. माती सोडू नका, गादी टाळू नका

आमच्याकडची काळी माती हौद्याला चालत नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळं. तांबडी माती आणून चाळायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर घालून मुरवायची. तिच्यात खेळलं की मान, पंजा आणि दम तयार होतो. मातीत काटा एकच: पाठ टेकली, खेळ संपला. तिथं पैलवान थांबायला आणि संधी हेरायला शिकतो.

पण पदक आणि प्रमाणपत्र गादीवर मिळतं, आणि गादीचा काटा निराळा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद. खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण, वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. निष्क्रिय राहिलं की पंच ताकीद देतात. मातीत हेरत बसणारा शहाणा ठरतो, गादीवर तोच गुण गमावतो.

म्हणून माझ्याकडं सकाळी माती आणि संध्याकाळी गादी. गादीवर मी घड्याळ लावतो आणि गुण मोठ्यानं ओरडून सांगतो. ‘एकनं मागं हाईस, वीस सेकंद राहिलेत, काय करशील?’ हे ऐकून हातपाय हलले पाहिजेत. महाराष्ट्र केसरीलाही आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. ज्याला एकच येतं त्याचं पुढं अवघड आहे.

६. वजन रोज घ्या, आदल्या रात्री नव्हे

वजनगटासाठी पोरं आदल्या दिवशी पाणी तोडतात, अंगावर चार कपडे घालून पळतात. सकाळी काट्यावर वजन बसतं आणि दुपारी पाय चालत नाहीत. २०१८पासून आंतरराष्ट्रीय नियमात गटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन द्यावं लागतं. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला विनेश फोगाट पहिल्या दिवशी ५० किलोत बसली, अंतिम फेरीत पोचली, आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. तिच्या दिमतीला जाणकारांचं पथक होतं. आमच्याकडं एक काटा आणि एक वही आहे.

त्या वहीत रोज सरावाआधी आणि नंतरचं वजन लिहायचं. महिनाभर लिहिलं की पोराचं खरं वजन कळतं आणि गट त्यावरून ठरतो. वाढत्या वयात खालच्या गटात बसवायचा अट्टाहास करायचा नाही. एक पदक मिळेलही, पण उंची आणि ताकद कायमची मार खाते.

७. कान, कातडी आणि गुडघा वस्तादानं स्वतः बघावा

मोडलेला कान हा पैलवानाचा दागिना, असं आमच्यात म्हणतात. मी ते मानत नाही. कान पहिल्यांदा दुखावतो तेव्हा तो लालबुंद, गरम आणि मऊ लागतो. बोटानं दाबलं तर आत पाणी हलल्यासारखं वाटतं. ते साकळलेलं रक्त असतं. एक-दोन दिवसांत डॉक्टरनं ते सुईनं काढून कान घट्ट दाबून बांधला तर आकार राहतो. पोरगा मिरवत फिरला तर आत कठीण गाठ होते आणि कान कायमचा मोडतो. कान झाकायचं गार्ड मिळतं. सरावात ते घातल्यानं मर्दानगी कमी होत नाही.

कातडीचंही तेच. नायटा एकाला झाला की आठवड्यात अर्ध्या तालमीला होतो. म्हणून दर सकाळी नखं आणि पाठ बघायची, टॉवेल कुणी कुणाचा वापरायचा नाही, गादी रोज जंतुनाशकानं पुसायची, आणि चट्टा दिसला की पोरगं बाहेर, डॉक्टरनं मोकळं करेपर्यंत.

गुडघ्याबद्दल एकच सांगतो. ‘कट्’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा सुजला, तर चोळायचं नाही, हाडवैद्याकडंही न्यायचं नाही. बर्फ लावून सरळ नांदेडला हाडांच्या डॉक्टरकडं. लिगामेंट तुटलेल्या गुडघ्यावर लढलेली एक कुस्ती पुढची सगळी कारकीर्द खाऊन टाकते.

८. हरलेल्या पोराशी त्याच दिवशी बोलू नका

कुस्ती हरून आलेल्या पोराला पाणी द्यायचं, अंगावर टॉवेल टाकायचा आणि गप्प बसायचं. बापाला बाजूला घ्यायचं. तो काठावरूनच शिव्या हासडत असतो. दुसऱ्या दिवशी सराव झाल्यावर विचारायचं: तुझं डोकं कुठं होतं? त्याचा कुठला पाय पुढं होता? आज परत लागली तर सुरुवात कशी करशील? याची उत्तरं देता आली तर हार वसूल झाली.

जानेवारी २०२०ची महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती आठवा. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघंही एकाच वस्तादाचे पठ्ठे: अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार, तेही मूळचे आमच्या लातूरकडचेच. पुण्यातल्या कात्रजच्या त्यांच्या संकुलात दोघं एकाच गादीवर वाढले. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या पोरांसाठी. मी मात्र वस्तादाचा विचार करत होतो. रोज एकमेकांना पाडणाऱ्या दोन पोरांच्या मनात वैर येऊ न देणं, हे शिकवणं कुठल्याच डावात बसत नाही.

९. मुलींना घ्यायचं तर पुरतं घ्या

एका आईनं मला विचारलं होतं, ‘भाऊ, पोरीचा कान मोडला तर लगीन कसं व्हईल तिचं?’ तिला हसून चालत नाही. तिला गार्ड दाखवायचं, सरावाला येऊन बसायला सांगायचं. मुली तालमीत घ्यायच्या तर कडीचं दार असलेली कपडे बदलायची खोली हवी, सोबतीला एक जाणती बाई हवी, स्पर्धेला जाताना ती बरोबर हवी, आणि सरावाला मुलींचीच जोड हवी. एकच मुलगी असेल तर ती लवकर सोडते. निदान चौघी-पाचजणी एकदम आणा.

२०१६ला रिओत साक्षी मलिकनं ब्राँझ आणलं, तेव्हा गावात नुसती चर्चा झाली. २०२३ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, तेव्हा मात्र बाप लोक चौकशीला आले. गदा घेतलेली मराठी पोर डोळ्यांनी दिसली की अर्धं काम होतं.

१०. कागदपत्रांची फाइल पैलवानाइतकीच जपा

खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर १९५५ला ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. एवढ्या मोठ्या मल्लालाही नोकरी करावी लागली, मग बाकीच्यांची काय कथा. आज राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. पण यात्रेत जिंकलेल्या इनामाला तिथं किंमत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी होते.

म्हणून प्रत्येक पोराची फाइल असावी: जन्मदाखला, शाळेचा दाखला, स्पर्धेची प्रवेशिका, निकालपत्र, प्रमाणपत्र. दहावी-बारावी सोडू द्यायची नाही. आठवड्यातून दोनदा मी पोरांना सोळाशे मीटर पळवतो; पोलीस भरतीत ते लागतंच, आणि पैलवानाचं वजन पळायला नाखूष असतं.

११. पोरगं आपल्यापेक्षा मोठं झालं की जाऊ द्या

ही शेवटची गोष्ट सगळ्यांत जड. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेला हरिश्चंद्र बिराजदारांनी पुण्यात घडवलं. सप्टेंबर २०११मध्ये ते गेले. पुढं राहुल काका पवारांकडं तयार झाला. २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१९ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ. एका पदकामागं दोन वस्ताद, आणि त्यांच्याआधी त्याला मातीत उतरवणारे घरचे. यातला कुणीही ‘माझंच पोरगं’ म्हणून अडून बसला असता तर पदक आलं नसतं.

लोह्यात बसून मी पोराला जिल्हा, फार तर विभागापर्यंत नेऊ शकतो. त्यापुढं त्याला रोज सात-आठ तोडीचे गडी अंगावर घ्यायला हवेत, आणि ते पुण्या-कोल्हापुरातच मिळतात. तिथं पाठवताना मी नव्या वस्तादांच्या नावानं एक कागद देतो. त्यावर वजन, जुन्या दुखापती, चालणारे डाव, दुबळी बाजू, घरची परिस्थिती, आणि हेही लिहितो की हे पोरगं ओरडून शिकत नाही किंवा ओरडल्याशिवाय शिकत नाही. फोन मात्र करत नाही. पोरानं नव्या जागी नव्या माणसाचं ऐकायला शिकायचं असतं, आणि जुन्या वस्तादाचा आवाज कानात असला की ते जमत नाही. त्याची बातमी पेपरात वाचतो, वहीत त्याच्या नावापुढं निकाल लिहितो आणि सकाळच्या बारक्या पोरांना पट शिकवायला उतरतो.